जुन्या गाडीला मोठे इंजिन : ताकद वाढते, पण ओळख उरते का?

घराच्या पडवीलगत ताडपत्रीखाली वडिलांच्या काळातली अॅम्बॅसेडर उभी असते. तिचा पत्रा अजून शाबूत असतो, आसनांवरचे कापडही बऱ्यापैकी टिकलेले असते. मात्र चोर्ला घाट चढू लागला की गाडीला धाप लागते आणि मागून येणाऱ्या नव्या गाड्या कर्कश हॉर्न वाजवीत पुढे निघून जातात. अशा वेळी गॅरेजमधून हमखास एक सल्ला मिळतो : "एवढा खर्च करताच आहात, तर मोठे इंजिनच टाकून घ्या." सल्ला मोहक असतो. त्याची खरी किंमत मात्र इंजिनाच्या बिलात कधीच दिसत नाही.

कारखान्यांनीही हेच केले

इंजिन बदलण्याची कल्पना केवळ हौशी लोकांची नाही. 'हिंदुस्तान मोटर्स'ने १९८४ मध्ये कॉन्टेसा बाजारात आणली. ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल गाडीच्या धर्तीवर घडविलेली ही प्रशस्त, देखणी मोटार होती; पण तिच्या पोटात अॅम्बॅसेडरचेच १,४८९ सीसीचे इंजिन होते. देह पहिलवानाचा आणि छाती पोराची, अशी तिची अवस्था झाली. पुढे कंपनीने तिला जपानी इसुझू कंपनीच्या रचनेचे १,८१७ सीसीचे इंजिन दिले, तेव्हा कुठे तिच्या रूपाला साजेशी चाल आली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेच इंजिन अॅम्बॅसेडरमध्येही आले.

येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. कारखान्याने केवळ इंजिन बदलले नव्हते. नव्या इंजिनासोबत पाच गतींचा नवा गिअरबॉक्स आला. इंजिन आणि त्याची ताकद चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा यांचा मेळ अभियंत्यांनी घालून दिला होता. गॅरेजमध्ये भंगारातून आणलेले इंजिन बसविताना नेमका हाच मेळ सुटण्याची भीती असते.

एक गाडी, दोन इंजिने

हा मेळ का महत्त्वाचा, हे ब्रिटनच्या 'एमजीबी' या क्रीडा-मोटारीच्या उदाहरणावरून चांगले समजते. तिचे मूळ १,७९८ सीसीचे इंजिन आपल्या अॅम्बॅसेडरच्या जुन्या इंजिनाच्याच घराण्यातले. १९६७ मध्ये याच गाडीत २,९१२ सीसीचे सहा सिलिंडरचे ओतीव लोखंडाचे इंजिन घालून 'एमजीसी' तयार करण्यात आली. ताकद वाढली, पण नाकावर सुमारे ९५ किलोंचा जादा भार पडला. तो सामावण्यासाठी पुढचे सस्पेन्शन नव्याने रचावे लागले, बॉनेटला उंचवटा द्यावा लागला. एवढे करूनही वळणावर गाडी जड वाटते, अशी टीका झाली. १९६९ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

१९७३ मध्ये त्याच गाडीत रोव्हर कंपनीचे ३,५२८ सीसीचे आठ सिलिंडरचे इंजिन आले. आकाराने हे त्याहूनही मोठे. पण ते अॅल्युमिनियमचे असल्यामुळे त्याचे वजन मूळ चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनाच्या जवळपासच राहिले. गाडीचा तोल ढळला नाही. सीसीचा आकडा यश ठरवीत नाही. वजन कुठे आणि किती पडते, हे ठरविते, असा या दोन गाड्यांचा धडा आहे.

ताकदीमागून येणारी कामे

इंजिन बॉनेटखाली मावले म्हणजे काम संपले, असे नसते. मूळ इंजिन ज्या आधारांवर टेकलेले असते, ते आधार नव्या इंजिनाला जुळत नाहीत. ते कापून, वेल्डिंग करून नवे बसवावे लागतात आणि येथेच चॅसिसला पहिला धक्का लागतो. गिअरबॉक्स बदलला की मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड किंवा लांब करावा लागतो. त्याचा समतोल बिघडला, तर ठराविक वेगाला सारी गाडी थरथरू लागते.

मागचा डिफरन्शियल लहान इंजिनाच्या बेताने घडविलेला असतो. जास्त पिळाची ताकद आली की त्याचे दाते आणि अॅक्सल आधी जाब देतात. मोठे इंजिन उष्णताही जास्त निर्माण करते. जुना रेडिएटर ती सोसू शकला नाही, तर मेच्या उन्हात, पणजीच्या वाहतूक कोंडीत गाडीतून वाफा निघू लागतात.

सर्वांत गंभीर प्रश्न ब्रेकचा. साठ-सत्तरच्या दशकांतील अॅम्बॅसेडरला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. धावत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबविताना ब्रेकना दीडपट नव्हे, तर सव्वादोनपट ऊर्जा जिरवावी लागते. घाट उतरताना तापलेले ड्रम ब्रेक पकड सोडू लागतात. म्हणून जाणकार कारागीर आधी ब्रेक आणि सस्पेन्शन पाहतो, इंजिनाचे नाव नंतर काढतो.

कागदावरची गाडी

नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिन क्रमांक, चॅसिस क्रमांक आणि सीसी या तिन्हींची नोंद असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ अधोरेखित केला. निकामी इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन वाहतूक खात्याच्या मंजुरीने बसविणे वेगळे आणि वेगळ्या बनावटीचे मोठे इंजिन घालणे वेगळे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

विम्याचेही तसेच. खासगी मोटारीच्या तृतीय पक्ष विम्याचा हप्ता सीसीवर ठरतो आणि १,५०० सीसी ही त्यातील एक सीमारेषा आहे. १,४८९ सीसीच्या जागी १,८१७ सीसीचे इंजिन आले की गाडी वरच्या गटात जाते. हा बदल विमा कंपनीला न कळविल्यास अपघातानंतरचा दावा अडचणीत येऊ शकतो.

पन्नाशीचा मान

गोव्यातील वाहनमालकांनी आणखी एका नियमाकडे लक्ष द्यायला हवे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला विशेष क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी मात्र नसते. याची मुख्य अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात असावे. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा.

१९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत थेट आयात झालेल्या युरोपीय गाड्या आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी घेतलेल्या अॅम्बॅसेडर आता या वयात आल्या आहेत. आज हौसेने बदललेले इंजिन उद्या या मानाच्या आड येऊ शकते.

मधली वाट

धाप लागणाऱ्या गाडीचे दुखणे बहुधा इंजिनाच्या आकारात नसून त्याच्या झिजेत असते. सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन व रिंगा बसविणे, व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठका घासून घेणे, कार्ब्युरेटर व इग्निशनचे टायमिंग नीट लावणे आणि रेडिएटर साफ करणे एवढ्यावर पुष्कळशी हरवलेली ताकद परत येते. कागदपत्रेही जशीच्या तशी राहतात.

तरीही इंजिन बदलण्याचा निर्धार पक्का असेल, तर क्रम उलटा करू नये : आधी वाहतूक खात्यात चौकशी, मग विमा कंपनीला विचारणा आणि अखेरीस गॅरेज. काढलेले मूळ इंजिनही भंगारात घालू नये. तेल लावून, नीट गुंडाळून ते कोरड्या जागी ठेवावे. उद्या एखाद्या नातवाला आजोबांची गाडी पुन्हा पूर्वीसारखी करावीशी वाटली, तर क्रमांकासह जपलेले ते इंजिन त्याला बाजारात शोधूनही मिळणार नाही.