यंत्राला वाचायला कोण शिकवतो?

कोरड्या पडलेल्या हातपंपाचा अनुभव गोंदियाकरांना नवा नाही. दांडा कितीही हलवला तरी नुसता खडखडाट होतो. मग घरातून कोणीतरी तांब्याभर पाणी आणून वरून ओततो, आतले चामडे भिजते, आणि पंप पाणी ओढू लागतो. पाणी हवे असेल तर आधी पाणी द्यावे लागते. आज ज्या यंत्राविषयी मी बोलणार आहे, त्याचीही गत अशीच होती.

अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९६५ साली पीडीपी-८ नावाचा लहान संगणक बाजारात आणला. किंमत सुमारे १८,००० डॉलर. त्या काळी ती स्वस्ताई समजली गेली. आपल्याकडे ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ साली टीडीसी-१२ तयार झाला. दोन्ही यंत्रांचा एकेक शब्द बारा बिटांचा, म्हणजे बारा 'शून्य की एक' एवढ्यांचा. मी सांगणार आहे ती कृती पीडीपी-८ ची.

ह्या यंत्रावर लेखन करायचे तर 'एडिटर' नावाचा कार्यक्रम लागे. आज्ञावली टेलिटाइपवर टंकून कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने उमटवीत. शंभर ओळींत एक अक्षर चुकले तर? एडिटर नसेल, तर फीत कापा, चिकटवा, नाहीतर सारे पुन्हा टंका. म्हणून एडिटर हवा. परंतु तो स्वतःच एका फितीवर असे, आणि फीत वाचायची कशी हे यंत्राला ठाऊक नसे! वाचण्याची रीत सांगणारा कार्यक्रम द्यावा, तर तोही वाचूनच आत जायचा. येथे तो तांब्या लागतो.

यंत्राच्या दर्शनी बाजूस बारा खटके एका रांगेत असतात. वर केला की एक, खाली केला की शून्य. तीन-तीन खटक्यांचा गट धरून ० ते ७ पैकी एक अंक वाचायचा. ७७५६ म्हणजे १११ १११ १०१ ११०. प्रथम हा पत्ता खटक्यांवर मांडून 'पत्ता घ्या' ही कळ दाबायची. मग ६०३२ हा शब्द मांडून 'ठेवा' ही कळ उचलायची. पत्ता आपोआप एकाने पुढे सरकतो. पुढे ६०३१, नंतर ५३५७... असे सोळा शब्द माणसाने बोटांनी स्मरणात रोवायचे. ह्या चिमुकल्या कार्यक्रमाचे नाव 'रिम'. एक खटका चुकला तर यंत्र तक्रार करीत नाही, फक्त फीत नीट वाचत नाही. आणि आपण दोष शोधतो तो फितीत!

रिमला वाचता येते, पण फार भाबडेपणाने. प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा पत्ताही फितीवर छापलेला त्यास लागतो. अर्धी फीत पत्त्यांतच जाते. म्हणून त्याच्याकडून एकच काम करून घेत: 'बिन' नावाचा अधिक हुशार वाचक आत आणवीत. बिनला पत्ता एकदा सांगितला की पुरे. शिवाय तो वाचलेल्या शब्दांची बेरीज करीत जातो आणि फितीच्या शेवटी लिहिलेल्या बेरजेशी ताडून पाहतो. भातगिरणीत उतरवलेली पोती चलनाशी ताडतात, त्यातलाच प्रकार. मेळ बसला तर फलकावरचे ठरावीक दिवे सारे विझलेले दिसतात. एक जरी पेटलेला राहिला तर फीत पुन्हा लावा.

आता एडिटरची फीत. ती टेलिटाइपच्या वाचकात अडकवून पत्ता ७७७७ द्यायचा आणि 'सुरू' ची कळ दाबायची. सेकंदाला दहा अक्षरे ह्या गतीने फीत खडखडत सरकते. काही मिनिटे जातात. दिवे विझले की पत्ता ०२०० देऊन पुन्हा 'सुरू'. एडिटर जागा झाला.

रोज सकाळी हा खटाटोप करावाच लागे असे मात्र नाही. त्या यंत्राचे स्मरण लोहचुंबकी कड्यांचे. वीज गेली तरी ते पुसले जात नसे. रिम आणि बिन स्मरणाच्या शेवटच्या घरांत राहत, आणि एखादा बेफाम कार्यक्रम त्यांच्यावरून फिरला तरच खटके पुन्हा हाती धरावे लागत. सवयीच्या माणसांना ते सोळा शब्द पाठ होऊन जात.

एडिटरची भाषा एकाक्षरी. 'ए' म्हटले की मजकूर घेऊ लागतो. '३ एल' म्हणजे तिसरी ओळ छापून दाखव; '३ सी' म्हणजे ती बदल; '३ डी' म्हणजे काढून टाक. न समजणारी आज्ञा दिली तर तो नुसते प्रश्नचिन्ह छापतो, रागावत नाही. मजकूर संपवून पुन्हा आज्ञा द्यायच्या असतील तर नियंत्रणाची कळ दाबून धरून 'एल' दाबायचे. टेलिटाइपची घंटी किणकिणते. शेवटी 'पी' ची आज्ञा देऊन दुरुस्त मजकुराची नवी फीत छिद्रून घ्यायची, गुंडाळायची, आणि कोणती फीत कशाची हे तिच्यावर तिथल्या तिथे पेन्सिलीने लिहून ठेवायचे. कारण छिद्रे पाहून ते सांगता येत नाही.