रुमालाखालचा हात, उघड्यावरचा चेहरा

हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात माणसांचा एवढा गलका असतो, पण ज्या आकड्यासाठी सगळे जमलेले असतात तो आकडा कुणाच्या तोंडून ऐकू येत नाही. बैल किती दाती आहे, औताला कसा चालतो, कुठल्या गावचा, पाजलाय काय, चारलाय काय, हे सगळं मोठमोठ्यानं सांगितलं जातं. भावाची वेळ आली की दलाल खांद्यावरचा रुमाल काढतो, विकणाऱ्याचा उजवा हात हातात घेतो, वरून रुमाल टाकतो आणि दोघंही गप्प होतात.

उदगीर तालुक्यातल्या या बाजाराला आमच्या जळकोट भागातली माणसं वर्षानुवर्षं जातात. मुखेड-कंधारचे येतात, अहमदपूरकडचे येतात, बीदरकडून कानडी बोलणारेही येतात. जनावरं मुख्यतः देवणी आणि लाल कंधारी. दोन्ही जाती इथल्याच, एक लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या नावाची, दुसरी नांदेडमधल्या कंधारच्या. माझे मामा दलाल नाहीत, कोरडवाहू शेतकरी. पण गावात कुणाला जनावर घ्यायचं किंवा विकायचं असलं की मामांना बरोबर न्यायची रीत आहे, आणि मामांबरोबर मी जात आलोय. नवख्या माणसाची नजर रुमालावर खिळते. मामा कोपरानं ढोसून सांगतात, "रुमालात काय बघलालास? तोंडाकडं बघ."

रुमालाखालचा हिशोब समजायला अवघड नाही. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा दाबला तर पाच, पंजा दाबून पुन्हा एक बोट धरलं तर सहा. हे हजार की दहा हजार, ते समोरचं जनावर बघूनच दोघांना ठाऊक असतं. जुनी माणसं याला करपल्लवी म्हणतात. मुंबईच्या मोत्यांच्या व्यापारात आणि आखातातल्या मोतीवाल्यांमध्येही फडक्याखाली हात धरून असेच सौदे होत. धान्याच्या अडतीतही ही झाकपाक चालायची, आणि आपला माल कितीला गेला हे शेतकऱ्यालाच कळायचं नाही. 1928 साली रॉयल कमिशननं शेतमालासाठी नियंत्रित बाजारांची शिफारस केली, महाराष्ट्रात 1963 चा बाजार समिती कायदा आला, आणि मोंढ्यात आज सोयाबीनचा भाव उघड पुकारला जातो. जनावरांच्या बाजारात मात्र रुमाल टिकून राहिला. माझ्या मते त्याचं कारण बैलातच आहे. सोयाबीनचा ओलावा यंत्रावर मोजता येतो. बैल एकाला एवढ्याचा आणि दुसऱ्याला तेवढ्याचा असतो. ज्याच्याकडं एक बैल आहे आणि त्याला नेमका जोडीदार सापडलाय, त्याला तो जास्त मोलाचा. शिवाय रुमालाखाली कमी बोलणी झाली आणि सौदा फिसकटला, तरी चारचौघांत कुणाची शोभा होत नाही.

पण रुमाल झाकतो तो फक्त हात. तोंड उघडंच असतं, आणि भोवती आठ-दहा माणसं उभी असतात. त्यात पुढचं गिऱ्हाईक असतं, शेजारच्या दावणीचा मालक असतो, दुसरा दलाल असतो, आणि काम नसताना नुसते उभे राहिलेले तर असतातच. बोटांचा आकडा त्यांना दिसत नाही, म्हणून ते सगळे चेहऱ्यावरून तो काढायला बघतात. त्यामुळं रुमालात हात घातलेल्या माणसाला दोन कामं एकदम करावी लागतात. बोटांनी बोलायचं आणि चेहऱ्यानं काही बोलायचं नाही.

हे दुसरं काम किती कष्टाचं असतं ते जवळून बघावं लागतं. मागं एकदा आमच्या गावातल्या एकाची देवणी जोडी होती, दोन्ही बैल वानेरा, म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या. एक सहा दाती, एक जुळलेला. मालक वय झालेले, मुलगा पुण्यात कामाला लागलेला, औत धरणारं घरात कुणी नाही. दलाल पन्नाशीचा, पान खाल्लेला, डोळे अर्धवट मिटल्यासारखे. त्यानं हात धरला. मालकाचे डोळे क्षणभर मोठे झाले आणि लगेच बैलाच्या वशिंडाकडं वळले. बस्स, एवढंच. पापणी लवायच्या आत सगळं आवरलं. पण दलालानं ते टिपलं, मामांनीही टिपलं. मामा माझ्या कानात म्हणाले, "आकडा मनासारखा आलाय. आता ह्यो वाढवत न्हाई."

आणि झालंही तसंच. पुढची तीन-चार बोलणी दलाल इंचभर हलला नाही. मालकानं मान हलवली, नाकपुड्या फुगवल्या, "न्हाई जमत, चला" म्हणून हात सोडवायचा आव आणला, पण पहिल्या झटक्याला चेहरा जे बोलून गेला होता ते परत घेता येत नव्हतं. मामांचं म्हणणं असं, की पहिला आकडा ऐकताना खाली बघावं. दाव्याची गाठ बघावी, बैलाच्या खुराकडं बघावं, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघू नये. त्यांचं स्वतःचं तोंड सौद्याच्या वेळी असं होतं, की मामीसुद्धा ओळखणार नाहीत. गाल सैल, ओठ किंचित उघडे, नजर लांब कुठंतरी. गप्प चेहरा म्हणजे रिकामा चेहरा नव्हे. तो मुद्दाम धरून ठेवलेला असतो, आणि सौदा लांबला की मानेच्या शिरा ते सांगतात.

दलाल मात्र याच्या उलटही करतो, ते बघण्यासारखं असतं. तो चेहरा बंद ठेवत नाही, उघडून खोटं दाखवतो. समोरच्यानं आकडा दाबला की कपाळाला आठ्या, जीभ टाळूला लावून 'च्यक्', बघ्यांकडं बघून केविलवाणं हसू, जणू ह्या मालकानं आपलं घरदारच मागितलंय. ते तोंड मालकासाठी नसतं, गर्दीसाठी असतं. गर्दी हसली की मालक वरमतो आणि एखादं बोट कमी करतो. सौदा तोडताना गर्दीकडं बघणारा दलाल कसलेला, आणि मालकाकडं बघणारा अजून शिकतोय, असं मला एवढ्या काळात दिसलंय.

चेहरा कुणासाठी असतो, हा प्रश्न अमेरिकेतल्या क्राउट आणि जॉन्स्टन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली एका साध्या जागी जाऊन सोडवायला घेतला होता. बोलिंगच्या खेळात खेळाडू लांबच्या लाकडी खुंट्यांवर चेंडू टाकतो, मग वळून आपल्या सोबत्यांकडं बघतो. सगळ्या खुंट्या पडल्या तेव्हा आनंद तर झालेलाच असतो. पण खुंट्यांकडं तोंड असताना खेळाडू क्वचितच हसले. हसू आलं ते सोबत्यांकडं वळल्यावर. आपल्या बाजारात हे दर सौद्याला दिसतं. विसार दिला, हातावर हात पडला, रुमाल निघाला, तरी घेणाऱ्याचं तोंड तसंच असतं. दोरी हातात घेऊन तो वळतो, भाऊ किंवा पोरगा समोर येतो, आणि तिथं दात दिसतात.

म्हणून एकेक भाव वेगळा काढून त्याचा अर्थ लावणाऱ्या पुस्तकांवर माझा फारसा विश्वास नाही. भुवया अशा म्हणजे राग, ओठ तसे म्हणजे तिरस्कार, असे तक्ते विमानतळावरच्या पुस्तकांपासून मुलाखतीच्या शिकवणीपर्यंत सगळीकडं असतात. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये या विषयावरचं संशोधन एकत्र तपासलं. माणूस रागावलेला असताना कपाळाला आठ्या घालतो ते साधारण 30 टक्के वेळाच, असं त्यांना दिसलं. उरलेल्या वेळी तो हसतो, गप्प बसतो, रडतोसुद्धा. आणि आठ्या तर ऊन डोळ्यांवर आलं तरी पडतात. मामांना हे कुणी सांगावं लागत नाही. अनोळखी माणसाचं तोंड ते वाचायलाच जात नाहीत. आधी चहा पाजतात, गाव विचारतात, पाऊसपाण्याचं बोलतात. तेवढ्यात समोरच्याचं रोजचं तोंड कसं आहे ते त्यांना कळतं, आणि मग रुमालाच्या वेळी त्यात काय बदललं तेवढंच ते बघतात. काहींचा चेहरा मुळातच रडवेला असतो, त्यांना घाबरायचं नसतं.

कोरोनानंतर बाजार पुन्हा भरू लागला तेव्हा तोंडावर रुमाल आणि हातावरही रुमाल अशी गमतीची नव्हे, अडचणीची परिस्थिती होती. ओठ, गाल, मिशी सगळं गेलं, उरले ते डोळे. तेव्हा लोक डोळ्यांच्या कडेला बघायला शिकले. फ्रेंच वैद्य दुशेन यांनी 1862 साली माणसाच्या चेहऱ्यावरच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन नोंद केली होती, की ओठाचे कोपरे मनात आलं की वर करता येतात, पण डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय सहजासहजी हलत नाही. मास्कच्या त्या दिवसांत सराईत व्यापाऱ्यांचंही अर्धं नाटक बंद पडलं होतं.

माणसाचं तोंड बघून झालं की मामा बैलाचं बघतात, आणि तिथं त्यांचा चेहरा एकदम मऊ होतो. दात बघायला तोंड उघडतात ते सगळ्यात शेवटी. आधी लांबून उभे राहून कान बघतात. आवाजाकडं वळणारा कान चांगला. मागं पडलेला, ताठरलेला किंवा खाली लोंबणारा कान बघितला की ते चूप होतात. मग नाकाडावर तळहात ठेवून बघतात, ओलसर आहे का. नाकपुडीच्या वरची कातडी ताणलेली आहे का, डोळ्याच्या वर घडी पडलीय का, ओठ आवळलेत का. बैल चालायला नीट असला तरी ह्या खुणा दिसल्या की ते खांद्याला हात लावतात, आणि बहुतेक वेळा खांदा सुजलेला किंवा आत दुखरा निघतो. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये गायींच्या दुखण्याच्या खुणा नोंदवल्या, त्यातल्या चेहऱ्याच्या खुणा जवळजवळ ह्याच आहेत: मागं किंवा खाली गेलेले कान, ताणलेली नजर, डोळ्यांवरच्या सुरकुत्या, आवळलेल्या नाकपुड्या आणि ओठ. उदगीरला 1987 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांनी एखादा दिवस अशा म्हाताऱ्या शेतकऱ्यामागं बाजारात हिंडावं, असं मला मनापासून वाटतं. पुस्तकातली खूण हजार जनावरांवर हात फिरवलेल्या माणसाच्या बोटाखाली कशी सापडते ते त्यांना कळेल.

आता जे मला सगळ्यात लागतं ते सांगतो. चेहरा वाचता येणं ही बाजारात ताकद आहे, आणि ती अडलेल्या माणसाच्या विरोधात वापरली जाते. 2016 चा उन्हाळा आठवतो. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते वर्ष. कडबा मिळत नव्हता, छावण्या लांब होत्या. वर्षभरापूर्वी राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यानं थकलेल्या जनावराला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात दावणीवर उभ्या असलेल्या मालकांच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. सकाळपासून उभे, बैलाला पाजायला पाणी विकत घेतलेलं, संध्याकाळी परत न्यावं तर घरी चारा नाही. अशा माणसाला कुणी सांगावं, पहिला आकडा ऐकताना खाली बघ म्हणून? दलाल लांबूनच तोंड बघून ठरवायचे, कुणाकडं दुपारनंतर जायचं. चांगल्या जोड्या मातीमोल गेल्या, आणि रुमालाखाली गेल्या, म्हणून त्याची कुठं बोंब झाली नाही. पावतीवर पडलेला आकडा तेवढा उरला. मामा तेव्हा गावातल्या लोकांना एकच सांगत. आपला बैल आपण विकू नका, एकमेकांचा विका. ज्याला गरज आहे त्यानं चहाच्या टपरीवर सुशीला खात बसावं, रुमालात हात शेजाऱ्यानं घालावा. शेजाऱ्याचं पोट त्या बैलावर नसतं, त्यामुळं त्याचं तोंड थंड राहतं. ही युक्ती त्या वर्षी काही घरांना खरंच कामाला आली.

अलीकडं बरेच सौदे फोनवर सुरू होतात. बैल चालवून दाखवलेला व्हिडिओ, दातांचा फोटो, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा 12 आकडी नंबर, सगळं व्हॉट्सअपवर जातं. मामांच्या पिढीला हे पटत नाही, समोर न बघता कसला व्यवहार म्हणतात. माझं मत थोडं वेगळं आहे. त्या व्हिडिओत बैल दिसतो, मालक दिसत नाही. त्याची गरज, त्याचं कर्ज, त्याच्या डोळ्याखालची काळी वर्तुळं गिऱ्हाईकापर्यंत पोचत नाहीत, आणि तो आकडा ऐकून दोन तास विचार करून उत्तर देऊ शकतो. आमच्या भावकीतल्या एका बाईनं नवरा गेल्यावर लाल कंधारी गोऱ्हा असाच विकला. बाजारात बाईमाणसाला सौद्यात कुणी उभं करत नाही, तिचं तोंड वाचून भाव पाडायलाच सगळे टपलेले. तिनं तीन ठिकाणी व्हिडिओ पाठवले, तिघांचे आकडे वहीत लिहिले, आणि जास्त देणाऱ्याला बैल बघायला घरी बोलावलं. मामा त्या दिवशी तिच्या ओसरीवर बसले होते, मध्यस्थ म्हणून. गिऱ्हाईकानं सवयीनं रुमाल काढला तेव्हा तिनं हात पुढं केला नाही, आकडा तोंडानं सांगा म्हणाली. मामांनीही मान हलवून तिचीच री ओढली, आणि भाव उघड ठरला.