जाळीपलीकडचा सामना आणि आपला कॅमेरा



शनिवारी सकाळी मुलांना फुटबॉलच्या मैदानावर सोडायचे आणि गळ्यात कॅमेरा अडकवून कुंपणाबाहेर उभे राहायचे, हा जर्मनीतल्या आपल्यापैकी अनेकांचा ठरलेला कार्यक्रम. लेक गोल करते, आपण बटण दाबतो आणि घरी येऊन पाहतो तर काय, जाळी अगदी सुबक आणि लेक धूसर! पुण्याला आजीकडे पाठवायला एकही फोटो धड नाही. आमचेही असेच होत असे. हळूहळू जे उमगले ते येथे देत आहोत.

तार लेन्सच्या अगदी जवळ असली की ती लेन्सचा थोडासाच भाग झाकते. उरलेल्या भागातून मैदानावरचा प्रकाश आत येतोच. तारेची प्रतिमा पसरून विरून जाते, फोटो किंचित फिका पडतो इतकेच. २०० मिमीची लेन्स एफ २.८ वर ठेवली, तर प्रकाशाची वाट सुमारे ७१ मिमी रुंद असते. ३ मिमीची तार तिला काय अडवणार? तीच लेन्स एफ ११ वर नेली की वाट उरते जेमतेम १८ मिमी, आणि तार डोकावू लागते.

म्हणून एवढे करावे:

१. लेन्स जाळीच्या शक्य तितकी जवळ न्यावी, झूम पूर्ण करावा आणि एफचा आकडा सर्वात लहान ठेवावा.
२. फोकसचा एकच बिंदू निवडून तो खेळाडूवर ठेवावा, नाहीतर कॅमेरा जाळीच पकडतो.
३. उन्हात चमकणाऱ्या तारेमुळे फोटो पांढुरका होतो. जाळीचा सावलीतला भाग शोधावा.
४. धावणाऱ्या मुलांसाठी शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावे.
५. मोबाईलची लेन्स चिमुकली असते. ती सरळ जाळीच्या भोकासमोर धरावी.

एक सावधगिरी: गोलमागच्या जाळीला कॅमेरा टेकवू नये. चेंडू आदळला की जाळी मागे येते आणि कॅमेरा आपल्याच नाकावर!

आता महत्त्वाचे. आमच्यापैकी एकाने हौसेने अख्ख्या संघाचे फोटो इंटरनेटवर टाकले. दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या आईने शांतपणे विचारले, "आम्हाला विचारले होते का?" चूक आमचीच होती. १८९८ मध्ये बिस्मार्क वारले, तेव्हा दोन छायाचित्रकारांनी रात्री चोरून खोलीत शिरून त्यांच्या पार्थिवाचा फोटो काढला. त्या प्रकरणानंतर, १९०७ च्या कायद्यात, माणसाचा स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क नोंदवला गेला. तो नियम आजही लागू आहे: फोटो प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यातील व्यक्तीची संमती हवी, लहान मुलांच्या बाबतीत पालकांची. काही अपवाद आहेत, पण दुसऱ्याच्या मुलाचा जवळून काढलेला फोटो त्यात बसेल असे धरून चालू नये. शिवाय २०१८ पासून युरोपचे माहितीसंरक्षणाचे नियमही आहेत. घरच्या अल्बमची गोष्ट वेगळी. मंडळाचे संकेतस्थळ म्हणजे घर नव्हे.

तेव्हा सामन्याआधीच प्रशिक्षकांना आणि इतर पालकांना विचारावे, आणि नंतर त्यांच्या मुलांचे फोटो त्यांनाही पाठवावेत. आमची तर अशा फोटोंमुळेच कुंपणाबाहेरच्या मंडळींशी मैत्री जमली.

चू. भू. द्या. घ्या.