अडुसष्टाव्या घरातले वैकुंठ

सापशिडी कुणाला शिकवावी लागत नाही. अकोल्याच्या जठारपेठेत उन्हाळ्याच्या दुपारी दारे लोटून घेतली की पोरांपुढे आजही तोच शंभर घरांचा पट पसरतो. फासा टाका, चढा, गिळले गेलात तर उतरा. या पटावर कुठला देश नसतो, कुठली गोष्ट नसते. म्हणूनच सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट पहिल्यांदा नीट पाहणारा माणूस थबकतो. तिथे प्रत्येक घराला नाव आहे, आणि सगळी घरे मिळून एक अख्खे विश्व होते.

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. टेबलाभोवती बसून कल्पित जग उभारायचे आणि त्यात एकेक पात्र होऊन वावरायचे, हा छंद तिथून जगभर गेला. पुण्या-मुंबईची तरुण पोरे आज तो खेळतात तेव्हा ही कल्पना परकी आहे असे सहज धरून चालतात. प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाही, आणि त्याचे कारण पटावरच दाखवता येते.

अमेरिकेतल्या त्या खेळानंतर वर्षभराने, १९७५ मध्ये, हरीश जोहरी यांनी ७२ घरांचा वैष्णव मोक्षपट ‘लीला’ या नावाने इंग्रजी पुस्तकात मांडला. सोंगटी म्हणून खेळणाऱ्याने बोटातली अंगठी किंवा अशीच अंगावरची एखादी वस्तू ठेवायची. सहा पडल्याशिवाय जन्मच नाही. पहिले घर जन्माचे, दुसरे मायेचे; मग क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. ३५व्या घरात नरक, ४७, ४८, ४९ या घरांत सरस्वती, यमुना, गंगा. २४व्या घरात कुसंग बसलेला असतो, आणि त्याचा साप थेट सातव्या घरातल्या मदापाशी आणून टाकतो.

खरी करामत वरच्या ओळीत आहे. जिंकायचे घर शेवटचे नव्हे. वैकुंठ आहे ६८व्या घरात, आणि नेमके तिथेच थांबता आले पाहिजे. ३७व्या घरातल्या ज्ञानाची शिडी ६६व्या घरातल्या आनंदापर्यंत नेते, म्हणजे वैकुंठाच्या दोन घरे अलीकडे. १७व्या घरातल्या दयेची शिडी फार लांब. ती ६९व्या घरात, ब्रह्मलोकात पोचवते. पण ब्रह्मलोक वैकुंठाच्या पुढे पडतो! तिथून मागे येता येत नाही. सत्त्वगुण, रजोगुण ओलांडत ७२व्या घरातल्या तमोगुणाशी जायचे, त्याच्या सापावरून ५१व्या घरात पृथ्वीवर उतरायचे, आणि पुन्हा चढायला लागायचे. ६८व्या घरात सरळ नेणारी शिडी आहे ती ५४व्या घरातल्या भक्तीची.

कीर्तनकाराला जे पटवायला रात्र लागेल, ते हा पट चार शिड्या-सापांत पटवतो. ज्याने ही मांडणी केली तो नुसता चित्रकार नव्हता. नियमांतून विचार मांडणे त्याला साधले होते, आणि खेळ रचणाऱ्याची यापेक्षा मोठी कसोटी नाही.

तो कोण, यावर आपल्याकडे वाद आहे. खरे तर वाद व्हायला हवा होता, झाली ती नुसती पुनरुक्ती. मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला असे लेखांतून आणि भाषणांतून बिनदिक्कत सांगितले जाते. पण संशोधक अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ पासून आणि डेन्मार्कच्या जेकब श्मिट-मॅडसेन यांनी २०१९च्या कोपनहेगन विद्यापीठातल्या प्रबंधात जे पट तपासले, ते मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत. तेराव्या शतकापर्यंत नेणारा दुवा त्यांतून मिळत नाही. ज्ञानेश्वरांची थोरवी या श्रेयावर अडलेली नाही. पुराव्याविना ते त्यांच्या नावावर टाकल्याने खऱ्या रचनाकारांचा शोध मात्र थांबतो.

तेराव्या शतकातल्या खेळाचा लेखी माग हवा असेल तर तो वऱ्हाडातच लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यात भडोचच्या हरपाळदेवांची द्यूताची आवड आली आहे. ते हरले, पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले, तिने दिले नाहीत. मन उडाले. रामटेकच्या यात्रेला म्हणून ते निघाले आणि वाटेत रिद्धपूरला त्यांना गोविंदप्रभू भेटले. हे हरपाळदेवच पुढे चक्रधरस्वामी झाले. फाशाने माणसाचे आयुष्य कसे फिरते, याची याहून ठसठशीत मराठी नोंद शोधून सापडणार नाही.

मध्ये कितीतरी शतके जातात आणि खेळांची नीट दखल घेणारा माणूस भेटतो तो औरंगाबादेत. पंडित हरिकृष्ण वेंकटराम यांनी १८७१ मध्ये ‘क्रीडाकौशल्य’ हा संस्कृत भाग लिहिला, तोही ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या ज्योतिषाच्या अवाढव्य ग्रंथात. ग्रहगणित जाणणाऱ्या शास्त्रीबुवांना बैठे खेळ ग्रंथात घेण्याजोगे वाटले, ही गोष्ट मोठी आहे. मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने तो छापला. मराठीत त्यांचे नाव क्वचितच निघते, याची खंत वाटते.

गंजिफा या पानांच्या खेळाचे दैव बरे. सावंतवाडीत शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गेल्या शतकात ही बुडती कला हाती धरली. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची १२० गोल पाने. दिवसा डाव रामाचा, रात्री कृष्णाचा. खिडकीबाहेरचा उजेडसुद्धा नियमात आला! ती पाने आजही रंगवली जातात, कारण कारागिराच्या पाठीशी कुणीतरी उभे राहिले.

मोक्षपटामागे असे कुणी उभे राहिले नाही. कापडावर किंवा कागदावर काढलेला पट जीर्ण झाला की बोहारणीकडे जातो किंवा पोथ्यांबरोबर नदीत सोडला जातो. वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यांत, मठांत, देवघराच्या फडताळांत घरांची नावे लिहिलेला असा एखादा पट असेल, तर तो कृपा करून टाकू नका. आधी त्याचा स्वच्छ फोटो काढा, प्रत्येक घरातले नाव उतरवून घ्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: जिंकायचे घर कुठले होते?