गाठीमागचा विषाणू आणि औषधाची परीक्षा

डिसेंबर १९६३मध्ये युगांडाहून लंडनला निघालेलं विमान धुक्यामुळे मँचेस्टरला उतरवावं लागलं. त्यात नऊ वर्षांच्या मुलीच्या गाठीचा नमुना होता. कुपी मिडलसेक्स हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यातला द्रव गढूळ झाला होता. गढूळ म्हणजे जंतुसंसर्ग, फेकून द्या, हाच रिवाज. अँथनी एप्स्टीन यांनी मात्र त्यातला थेंब आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी त्यात तरंगत होत्या. त्याच पेशी वाढवून फेब्रुवारी १९६४मध्ये त्यांत हर्पीस कुळातला विषाणू दिसला. हाच एप्स्टीन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही.

जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू असतो. आपल्या टी-पेशी त्याला आयुष्यभर दाबून ठेवतात. अवयव किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती मुद्दाम क्षीण करतात, तेव्हा मात्र तो डोकं वर काढतो आणि बी-पेशी बेसुमार वाढू लागतात. अशा वेळी उपाय एकच सुचतो: हरवलेला पहारा परत आणणं. १९९४मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेने अस्थिमज्जा देणाऱ्याच्याच लिम्फोसाइट पेशी पाच रुग्णांना दिल्या. गाठी विरघळल्या, पण परक्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला करण्याची भीती होती. म्हणून पुढच्याच वर्षी क्लिओना रूनी, हेलन हेस्लॉप आणि सहकाऱ्यांनी फक्त ईबीव्ही ओळखणाऱ्या टी-पेशी प्रयोगशाळेत वाढवून दिल्या. मला हे पाऊल अतिशय मोलाचं वाटतं. पण त्या पेशी प्रत्येक रुग्णासाठी नव्याने तयार कराव्या लागत, आणि अशा रुग्णांच्या हातात वेळ नसतो.

नंतर टी-पेशींना थांबवणारा पीडी-१ हा ब्रेक रोखणारी औषधं आली. हा ब्रेक सोडवणारी ही औषधं विषाणूजन्य लिम्फोमावरही चालावीत, अशी आशा साहजिक होती. ईबीव्हीशी जोडलेला एनके/टी-पेशी लिम्फोमा पूर्व आशियात तुलनेने जास्त आढळतो. २०१७मध्ये हाँगकाँगचे यूक-लाम क्वाँग आणि सहकाऱ्यांनी इतर उपचार थकलेल्या सात रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब दिलं. सातही जणांना गुण आला, पाच जणांना तर पूर्ण प्रतिसाद मिळाला.

पुढच्याच वर्षी त्याच जातीच्या निव्होलुमॅबची दुसरी बाजू समोर आली. एचटीएलव्ही-१ हा विषाणू नैर्ऋत्य जपानात मोठ्या प्रमाणावर आढळतो, आईच्या दुधातूनही पसरतो आणि काही जणांत अनेक वर्षांनी प्रौढ टी-पेशी ल्युकेमिया-लिम्फोमा घडवतो. अमेरिकेतल्या चाचणीत हा आजार असलेल्या तिघांना निव्होलुमॅबचा एकेकच डोस दिला गेला. तिघांचाही आजार झपाट्याने बळावला. डॉक्टरांनी चाचणी थांबवली आणि २०१८मध्ये हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जाहीर केलं. इथे कर्करोग टी-पेशींचाच आहे. ज्या ब्रेकमुळे निरोगी टी-पेशी थांबतात, तोच ब्रेक रोगी टी-पेशींनाही आवरत असावा. उंदरांवरच्या प्रयोगातून पीडी-१ टी-पेशी लिम्फोमाला अटकाव करतो हे २०१७मध्येच दिसलं होतं. तिघांवरच थांबण्याचा तो निर्णय मला सातांच्या यशाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पुढच्या रुग्णांचं संरक्षण त्यानेच झालं.

दरम्यान प्रत्यारोपणानंतरच्या ईबीव्ही आजारासाठी पेशी आधीच तयार करून साठवण्याचा मार्ग पुढे सरकला. एडिनबर्गच्या डोरोथी क्रॉफर्ड यांच्या गटाने तिऱ्हाईत दात्यांच्या टी-पेशींची पेढी उभारली आणि २००७मध्ये ३३ रुग्णांचे निकाल मांडले: सहा महिन्यांनी ५२ टक्क्यांना गुण होता. त्याच धर्तीवरच्या टॅबेलेक्लुसेलला युरोपने डिसेंबर २०२२मध्ये मान्यता दिली. २०२४मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कोलॉजी’त तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे आकडे आले: ४३ रुग्ण, त्यांपैकी २२ जणांना प्रतिसाद. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, आणि आजार इतका विरळ व घातक की तसा गट जमवणंही अवघड. तरीही नियामकांना बारकाईने विचारावंच लागतं. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता रोखली, ती पेशी बनवणाऱ्या बाहेरच्या कारखान्याच्या तपासणीतल्या त्रुटींमुळे.