हेमलकसा येथील प्राणी अनाथालय

हेमलकसा येथील प्राणी अनाथालय हे गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातील, अनाथ व जखमी वन्यप्राण्यांचा सांभाळ करणारे एक छोटे केंद्र आहे. बाबा आमटे यांनी १९७३ साली सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या आवारात ते असून, डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी रुग्णालय आणि शाळा यांच्या जोडीने ते वाढविले.

प्रारंभ

या भागातील माडिया गोंड लोक शिकार करीत ती हौसेसाठी नव्हे, पोटासाठी. प्रकल्पाच्या आरंभीच्या काळात जंगलातून जाताना आमटे दांपत्याला शिकार घेऊन परतणारे काही माडिया भेटले. मारलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगून होते. प्रकाश आमटे यांनी ते मागून घेतले आणि वाढविले. अनाथालयाची सुरुवात ती हीच.

उपाशी माणसाला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून शिकारीत मागे राहिलेली पिल्ले मारून न खाता प्रकल्पात आणून द्यावीत आणि त्या बदल्यात धान्य वा कपडे न्यावेत, अशी रीत हळूहळू पडली. शिकाऱ्याला गुन्हेगार न ठरविता त्याच्या भुकेची दखल घेतली गेली, हे या केंद्राचे खरे वेगळेपण होय. बिबटे, अस्वले, तरस, मगरी, हरणे, साळिंदर असे नाना प्राणी पुढे येथे आले. त्यांपैकी एका बिबट्यावर विलास मनोहर यांनी ‘नेगल’ हे पुस्तक लिहिले आहे.

संगोपन

बिबट्याचे पिल्लू दीडेक वर्ष आईबरोबर राहून शिकार शिकते. माणसाने बाटलीने दूध पाजून वाढविलेल्या पिल्लाला ते शिक्षण मिळत नाही. शिवाय त्याला माणसाचे भय उरत नाही. असा प्राणी जंगलात सोडल्यास तो उपाशी मरतो किंवा गावात शिरतो. त्यामुळे बहुतेकांना येथेच जन्मभर राहावे लागते. जीव वाचतो, रान मात्र परत मिळत नाही.

भेट

आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर हेमलकसा लागते. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की हा रस्ता बंद पडतो. हिवाळ्यात जाणे सोयीचे. प्रकाश आमटे यांची बिबट्या-अस्वलांसोबतची छायाचित्रे पाहून आलेल्या पाहुण्यांना प्राण्यांना हात लावावासा वाटतो. ती जवळीक पिल्लूपणापासूनच्या सहवासाची असते. परक्या माणसाला ती लागू होत नाही. अशा हाताळणीवर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानेही २०१८ मध्ये आक्षेप घेतला होता. पाहुण्यांनी प्राणी जाळीबाहेरूनच पाहावेत आणि त्यांना काहीही खाऊ घालू नये.