नोकरीच्या पोस्टचा स्क्रीनशॉट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत जागा निघाली की कन्नड तालुक्यातल्या तरुणांपर्यंत ती बातमी अनेकदा लिंक्डइनवरच्या मूळ पोस्टमधून पोचत नाही. ती पोचते व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या स्क्रीनशॉटमधून. त्यात अर्जाचा ई-मेल पुसट असतो, शेवटची तारीख कापलेली असते आणि पाठवणाऱ्याच्या फोनवरचे खासगी मेसेज मात्र ठळक दिसतात. हातातली संधी एवढ्याशा कारणाने जाऊ नये. आजूबाजूचा पसारा काढायचा, पण मजकूर आणि तो कुणाचा, कधीचा ही ओळख शाबूत ठेवायची. स्वच्छ स्क्रीनशॉट तो हाच.

गैरसमज : फोन भारी असला की स्क्रीनशॉट स्पष्ट येतो.
वस्तुस्थिती : स्क्रीनशॉटचा कॅमेऱ्याशी संबंध नाही. पडद्यावर जेवढे पिक्सेल, तेवढेच चित्रात येतात. बऱ्याच फोनचा पडदा १०८० पिक्सेल रुंद असतो. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे असं चित्र जेमतेम ९ सेंटिमीटर रुंदीपर्यंत नीट छापलं जातं. सूचना फलकावर मोठं लावायचं असेल तर पोस्ट संगणकावर उघडा, कंट्रोल आणि + दाबून १५० टक्के करा आणि मग विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणं एकत्र दाबून हवा तेवढाच भाग घ्या. अक्षरं आधी मोठी केली की प्रत्येक अक्षराच्या वाट्याला जास्त पिक्सेल येतात. नंतर चित्र ताणून तो फायदा मिळत नाही.

गैरसमज : व्हॉट्सॲपवर चित्र जसंच्या तसं जातं.
वस्तुस्थिती : फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं. चार ग्रुप फिरून आलेली बारीक अक्षरं फुटतात ती यामुळे. चित्र पीएनजी स्वरूपात ठेवा आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

गैरसमज : पडद्यावर दिसते तेवढीच पोस्ट.
वस्तुस्थिती : लिंक्डइनची पोस्ट ३००० अक्षरांपर्यंत असू शकते. सुरुवातीला पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचं ‘मोअर’ दाबल्यावर उघडतं. पात्रता आणि मुदत बहुधा तिथेच असते. शिवाय पोस्टवर तारीख नसते, ‘२ आठवडे’ असं लिहिलेलं असतं. तो स्क्रीनशॉट तीन महिन्यांनी फिरला तरी त्यावर २ आठवडेच दिसणार. म्हणून चित्रासोबत तारीख लिहा आणि पोस्टची लिंक जोडा. लिंक उघडली की जागा अजून आहे का, पोस्ट खरंच कंपनीची आहे का, हे ज्याचं त्याला तपासता येतं.

गैरसमज : नाव-नंबर मार्करने खोडले की झाकले गेले.
वस्तुस्थिती : काही फोनमधला मार्कर अर्धपारदर्शक असतो. चित्राचा उजेड वाढवला की खालचा नंबर वाचता येतो. २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये आणि विंडोजच्या स्निपिंग टूलमध्ये एक दोष सापडला होता. कापून टाकलेला भाग फाइलमध्येच राहत होता आणि परत काढता येत होता. तो दोष दुरुस्त झाला आहे. तरी झाकायचंच असेल तर भरीव रंगाची चौकट वापरा. प्रतिक्रिया देणाऱ्यांची नावं मुळात चित्रात घेऊच नका.

गैरसमज : स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळतं.
वस्तुस्थिती : लिंक्डइन अशी सूचना पाठवत नाही. त्याचं प्रोफाइल उघडलं, तर मात्र ते त्याला कळू शकतं.

गैरसमज : स्क्रीनशॉट आहे म्हणजे पुरावा पक्का.
वस्तुस्थिती : स्क्रीनशॉट ही इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत असते आणि अशा पुराव्यावरचा महत्त्वाचा निकाल शेजारच्या जालन्याच्या प्रकरणातला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज वेळेत भरला गेला का, हा वाद होता आणि निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावर बरंच अवलंबून होतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं की, मूळ उपकरण हजर केलं नाही, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

म्हणून खोट्या नोकरीच्या नावाखाली कुणी पैसे मागितले, तर नुसत्या स्क्रीनशॉटवर थांबू नका. पोस्टची लिंक जपा, मूळ चॅट पुसू नका आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.